मुंग्या गेल्या

बातमी आली तेव्हा खलील तळघरात होता आणि त्याचा फोन वर, वाफुलाच्या टेबलावर. दोह्याजवळच्या लुसैलमधल्या त्या टॉवरच्या तळघरात रेंज येत नसे. म्हणून एसीच्या यंत्रांच्या चिलर रूममध्ये उतरण्याआधी तो फोन सिक्युरिटीच्या टेबलावर चार्जिंगला लावून जाई, आणि वाफुला, केनियातून आलेला उंच, सावकाश बोलणारा गार्ड, त्यावर लक्ष ठेवी. त्या दिवशी वाफुला स्वतःच खाली आला. जागा सोडून खाली यायची त्याला परवानगी नव्हती. मशीनच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा त्याने फोनच पुढे धरला. पडद्यावर सुहानाचे कॉल एकाखाली एक साचले होते. खलीलने हातमोजे काढले, थंड पाइपावर धरलेलं पाणी उगाच फडक्याने पुसलं आणि जिना चढायला लागला. वर रेंज आली, मुलीने फोन उचलला आणि म्हणाली, "अब्बा, अम्मी गेली." तिच्यामागे बायकांचा आवाज होता, भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी गुस्लचं, मय्यतीच्या आंघोळीचं, पाणी तापवायला सांगत होतं. खलीलच्या तोंडून निघालं, "जेवली होती का?" मग जावयाने फोन घेतला आणि नीट, कामाचं बोलला. उन्हाळा फार आहे, मय्यत ठेवता येणार नाही, असरच्या नमाजाआधी उचलावी म्हणतात, तुम्ही काय म्हणता. दोह्याहून मुंबई आणि मुंबईहून खाडीकाठचं गाव, खलीलला तो रस्ता पाठ होता. कसाही धावला तरी तो उद्याच पोचणार होता. तो म्हणाला, "उचला." बायकोच्या मरणात त्याच्या वाट्याला आलेला तो एकच शब्द.

वाफुलाने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली होती. तो खलीलला म्झे म्हणत असे, त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं. दोघांचं बोलणं चाले ते अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत, आणि उरलेलं हातवाऱ्यांनी. त्याने विचारलं, काय झालं होतं तिला. खलील म्हणाला, हार्ट. का म्हणाला ते त्याला तेव्हाही कळलं नाही. पण तो शब्द बाहेर पडला आणि मग तोच पुढे चालू राहिला. सुपरवायझरला हार्ट, दोह्यातल्या नजमा वस्तीत खोलीवर सोबत राहणाऱ्या हाफिजला हार्ट, विमानात शेजारी बसलेल्या माणसाला हार्ट. हार्ट म्हटलं की लोक मान हलवतात आणि गप्प होतात. साखर म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. कुणाच्या मामाची साखर कारल्याने उतरलेली असते, कुणाची चालण्याने, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात शेवटी एक प्रश्न लपलेला असतो, की मग तुमच्याकडे कुणी बघत नव्हतं का.

तो पोचला तेव्हा कबरीवरची माती वरून वाळली होती. आतली ओली असणार. फातेहा पढताना त्याला आठवलं की हजराला मातीत हात घालायला आवडायचं, आणि लगेच त्या आठवणीचा राग आला, कारण हे असलं काहीतरी लोक मेलेल्या माणसाबद्दल बोलतात. घरी येऊन नमाजाआधी वजू करायला तो मागच्या दाराने गेला आणि नव्या बाथरूमचं दार उघडून तसाच उभा राहिला. पांढऱ्या टाइल्स खालपासून छतापर्यंत. कोपऱ्यात फिनेलची बाटली, दांडीवर तिचा टॉवेल, दाराशी तिची रबरी चप्पल, डावीचा अंगठा झिजलेला. वास दवाखान्यासारखा. ही बाथरूम त्याने बांधली होती. म्हणजे बांधली गावच्या गवंड्याने, पण त्यातली एकेक गोष्ट खलीलने दोह्यात बसून ठरवली होती. टॉवरमधल्या वॉशरूमचे त्याने फोटो काढले, तसेच नळ, तसंच कमोड, फ्लशचं बटणसुद्धा तसंच दाबायचं. हजरा म्हणाली होती, मला कशाला तो महाल, त्यापेक्षा विहिरीवर पंप बसवा. पंप काय, पंप कुणीही बसवतो. शेजारच्या कुवेतवाल्यांनी बाथरूम केली होती, टाइल्सवर फुलं होती. खलीलने फुलं घेतली नाहीत. साधा पांढरा रंग, लुसैलसारखा. काम झालं तेव्हा त्याने फोटो टॉवरमधल्या सगळ्यांना दाखवले, आणि सगळ्यात जास्त वेळ ते वाफुलाने पाहिले, बोटांनी मोठे करून करून.

त्याआधी मागे होती ती न्हाणी. चिऱ्याच्या अर्ध्या भिंती, वर माडाच्या झावळ्या, खाली एक सपाट दगड आणि पलीकडे आळवाची पानं. हजराला साखर आहे हे डॉक्टरने नंतर सांगितलं, आधी सांगितलं मुंग्यांनी. तिची आई तेव्हा जिवंत होती. म्हातारीने एका सकाळी दगडाच्या कडेने लागलेली मुंग्यांची रांग पाहिली आणि घरातल्या बायकांना एकेक करून विचारलं, आज इथे लघवीला पहिली कोण गेली होती. मग हजराला तालुक्याला नेलं, रक्त काढलं, आणि म्हातारीचं खरं निघालं. डॉक्टरपेक्षा म्हातारीचा मान वाढला. त्या दिवसापासून हजराचा जो काही विश्वास होता तो मुंग्यांवर. गोळ्या झाल्या, गोळ्यांनी भागेना म्हणून सुई आली. डॉक्टर म्हणाला रोज घ्यायची. हजरा म्हणाली, "तो रोज सांगनार, त्याचा रोजचा पोट हाय." सुई लागली की माणसाचं खलास, असं सगळं गाव मानत होतं. तीही मानत होती, आणि खरं सांगायचं तर खलीलही मानत होता. म्हणून तिने तिची वाट काढली. दगडावर मुंग्या लागल्या की सुई घ्यायची, मुंग्या गेल्या की सुट्टी. मध्ये कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, आणि शुक्रवारी अंगारे-दुवावाल्याकडून फुंकून आणलेलं पाणी. कडू गोडाला मारतं हे तर लहान पोरालाही कळतं. आणि ते चाललं. बरीच वर्षं चाललं. मुंग्या येत, ती सुई घेई, मुंग्या जात. खलील फोनवर विचारायचा, काय म्हणतात तुझ्या मुंग्या. ती म्हणायची, "आल्यात. पावनचार मागतात." किंवा, "आज सुट्टी दिली." नवराबायकोत दुसरं काय बोलणार, एक इथे, एक तिथे, मध्ये समुद्र. दोघांच्यात मुंग्या होत्या. कधी भांडण झालं आणि बोलणं बंद पडलं, तर पहिल्यांदा फोन करणारा मुंग्यांचंच विचारायचा. म्हणजे भांडण मिटलं.

मग बाथरूम झाली, आणि पांढऱ्या फरशीवर मुंगी फिरकेना. फिरकणार कशी. सगळं फ्लश होऊन टाकीत, वरून फिनेल. पण हजराने दोन दिवस पाहिलं, आठवडा पाहिला आणि फोनवर म्हणाली, "अवो, मुंग्या गेल्या. एक पन नाय. तुमच्या फरशीत बरकत हाय." खलील हसला होता. तो आवाज त्याला अजून ऐकू येतो, स्वतःचाच, नजमाच्या खोलीत पलंगावर पाय पसरून हसणारा. दोह्यात सगळे म्हणतात तसं तो म्हणाला होता, "मबरूक." कुणाला मुलगा झाला, कुणी गाडी घेतली, की अरब जे म्हणतात ते. हजराला तो शब्द आवडायचा. ती म्हणायची, घासाघासाला काय ते तुमचं मबरूक. आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा मुंग्यांचं निघालं तेव्हा ती म्हणायची गेल्या, आणि तो म्हणायचा मबरूक.

सुया तिने तेव्हाच बंद केल्या होत्या. हे त्याला सुहानाने सांगितलं, मय्यतीच्या चौथ्या की पाचव्या दिवशी, भाकऱ्या करता करता, पाठ वळवून. ईदेला ती माहेरी आली तेव्हा अम्मी बारीक झाली होती. गावातल्या बायका म्हणत होत्या, हजराची साखर उतरली, अंगही उतरलं, आता कशी पोरीसारखी दिसते. तहान लागायची, तर उन्हाळाच आहे. सारखं उठून बाथरूमला जायची, तर नवी बाथरूम आहे, कौतुक आहे. मग थकवा यायला लागला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, साखर फारच उतरली असेल, हिला गोड द्या. मग तिला लिंबाचं सरबत दिलं, साखर घालून, रोज, तांब्याने. सुहाना सासरी होती, तिला कळलं नाही. शेवटच्या दिवशी तिचा श्वास जोरात चालायला लागला, तेव्हा दुवावाल्याला बोलावलं. तालुक्याला नेलं तेव्हा तिथल्या मशीनने आकडाच दाखवला नाही, मशीनचे आकडे जिथे संपतात त्याच्या वर तिची साखर गेलेली होती. सुहाना तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "रोज फोन व्हायचा ना तुमचा. मुंग्या गेल्या म्हणून सांगायची ना ती तुम्हाला. तुम्ही काय म्हणायचात?" खलील म्हणाला, काही नाही. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, इन्सुलिनची पेनं तशीच उभी होती, झाकण न काढलेली. फ्रिज त्यानेच आणला होता. थंड कसं ठेवायचं हे त्याच्याइतकं त्या गावात कुणाला माहीत होतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची घरं थंड केली.

त्या बोलण्यानंतर तो गावात थांबू शकला नाही. लोक यायचे, बसायचे, अल्लाची मर्जी म्हणायचे, आणि उठताना हळूच म्हणायचे, जरा बाथरूम बघू का. तो म्हणायचा, बघा. म्हातारे लोक आत जाऊन बटण दाबून बघायचे, पाण्याचा आवाज यायचा, आणि ते बाहेर येऊन म्हणायचे, बाकी केलंस चांगलं हां तिच्यासाठी. त्याच्या मनात येई की कुदळ घ्यावी आणि एकेक टाइल फोडावी. पण ती रोज तिथेच आंघोळ करत होती, हसतखेळत. तिचा जीव गेला तो त्या फरशीने नाही, असं तो स्वतःला सांगे. कुणी म्हणेल फरशीने, कुणी म्हणेल अडाणीपणाने, कुणी म्हणेल त्या डॉक्टरने नीट समजावलं नाही, त्याने कधी म्हटलं होतं का, बाई, मुंग्यांवर जाऊ नको. त्याला मुंग्यांचं माहीतच नव्हतं. मुंग्यांचं माहीत होतं ते खलीलला. इथपर्यंत आलं की तो विचार सोडून देई आणि काहीतरी काम काढी. मागच्या दाराची कडी सैल झाली होती ती घट्ट केली. मग परतीचं तिकीट काढलं. सुहाना एसटी स्टँडवर आली नाही.

दोह्यात उतरला तर तीच गरम हवा, तीच कंपनीची बस, नजमातल्या त्याच खोलीत चार पलंग आणि हाफिजची तीच डाळ. हाफिज श्रीवर्धनकडचा, त्यालाही साखर, गोळ्या खातो आणि वर दिवसाला सहा कप चहा पितो. तो म्हणाला, खलीलभाई, हार्ट म्हणजे बरं मरण, त्रास नाही. खलीलने ताटातला भात चिवडला आणि हाफिजला विचारलं, तू किती साखर घालतोस चहात. हाफिज म्हणाला, ते विचारू नको, गोळी कशासाठी खातो मग. खलीलला हसू आलं. गोळी कशासाठी खातो मग. सगळे असेच. प्रत्येकाची एक अक्कल आणि प्रत्येक अक्कल मरेपर्यंत बरोबर. हजराचीही मरेपर्यंत बरोबरच होती. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं खरी ठरते आणि मग एक दिवस खरी राहत नाही, पण ती तसं सांगत नाही. न्हाणी पाडली तेव्हा कुणी पाटी लावली नव्हती की आजपासून मुंग्यांवर विश्वास ठेवू नये. संध्याकाळी तो नजमाच्या गल्लीतून चालत गेला. कॅफेटेरियाच्या बाहेर करकचे, इथल्या दाट गोड चहाचे, कप पडले होते आणि कपांच्या तळाशी मुंग्या होत्या. तो उभा राहून पाहत राहिला, लोक त्याला वळसा घालून जात होते. इथल्या मुंग्या बारीक आणि पिवळट. पण काम तेच, गोडाचा माग काढणं.

दुसऱ्या दिवशी लुसैलला वाफुलाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ सोडला नाही. त्यांच्याकडे बायको गेल्यावर माणूस काही दिवस एकटा जेवत नाही, असं तो म्हणाला, आणि आपला डबा टेबलावर उघडून ठेवला, त्यात कोबी आणि मक्याच्या पिठाचा गोळा होता. खलीलने दोन घास घेतले. मग वाफुला म्हणाला, म्झे, तुला एक दाखवायचं होतं, तू येईपर्यंत थांबलो. त्याने फोन काढला. लाल मातीचं अंगण, मागे उसाची शेती, आणि पत्र्याच्या घराला लागून विटांच्या चार नव्या भिंती. आत अर्ध्या भिंतीपर्यंत लावलेल्या टाइल्स. पांढऱ्या, फुलं नसलेल्या. भावाने काम धरलंय, वाफुला म्हणाला, पण टाइल मी निवडली. तुझ्या फोटोत होती तशीच सांगितली. मग त्याने जे म्हटलं ते खलीलला जसंच्या तसं आठवतं. "तू तुझ्या बायकोला दिलंस, तेच मी माझ्या आईला देतोय."

वाफुलाच्या आईला साखर होती. हे खलीलला आधीपासून माहीत होतं. मुंग्या ही दोघांची जुनी गंमत होती, वाफुलाला रात्रपाळी असली की ती संपवून तो जायला निघे आणि खलील येई तेव्हा पाच मिनिटं उभ्याउभ्या चालणारी. खलीलने एकदा मुंग्यांचं सांगितलं होतं, हसवायला म्हणून, आणि वाफुला हसला नव्हता, त्याने डोळे मोठे केले होते. त्यांच्याकडेही असंच. त्याच्या आजीने झोपडीमागच्या वाळूत मुंग्या पाहिल्या आणि म्हणाली, या घरात कुणाचं तरी रक्त गोड झालंय. काही लोक म्हणाले, मुलगा आखातात कमावतो म्हणून चुलतीने जळून करणी केलीय. काही म्हणाले, सगळं आयुष्य ऊस चावला त्याचं हे. क्लिनिक लांब, तिथे पोचेपर्यंत अर्धा दिवस. म्हणून आई कसल्याशा झाडाच्या सालीचा काढा घेते, कडू जहर, आणि क्लिनिकने दिलेली सुई ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवते, कारण फ्रिज नाही, आणि ती सुई घेते फक्त मुंग्या आल्या की. कडू गोडाला मारतं, वाफुला म्हणाला होता, आणि खलील म्हणाला होता, आमच्याकडेही अगदी हेच म्हणतात. दोघांनी टाळी दिली होती. कधी न भेटलेल्या दोन बायका, एक खाडीकाठी, एक उसाच्या शेतात, आणि इथे थंड लॉबीत त्यांचे पुरुष त्यांच्या मुंग्यांची तुलना करतायत. वाफुलाचा एक आवडता विनोद होता. क्लिनिकवाले मोजायचे पैसे घेतात, मुंग्या फुकट मोजतात. हजराला तो फोनवर सांगितला तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, त्या बाईला माझा सलाम सांगा.

टाइल्सचा फोटो पाहून खलील म्हणाला, चांगलं आहे. जिना उतरून खाली गेला. चिलर चालू होते, चारही. पाइपावर नेहमीसारखं पाणी धरलं होतं. तिथे उभा राहून त्याने सगळं मनात मांडून पाहिलं, म्हणजे वाफुलाला काय म्हणायचं ते. तुझ्या आईला सांग, मुंग्यांवर जाऊ नको. हे पहिलं वाक्य. मग तो विचारणार, का. मग सांगावं लागणार, बाथरूम झाली की मुंग्या येत नाहीत. मग तो विचारणार, तुला कसं माहीत. मग हार्ट नाही म्हणावं लागणार. मग सगळं, तांब्यातलं सरबत, लोणच्यामागची पेनं, मबरूक. हे सगळं हिंदीत, इंग्रजीत, हातवाऱ्यांनी. सरबताचे हातवारे कसे करतात. त्या तळघरात, ज्या आवाजात कुणालाच काही ऐकू जात नाही, त्याने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, मराठीत. काहीच झालं नाही. चिलर चालू राहिले. त्याला वाटलं, उद्या सांगू. बांधकाम अजून अर्धं आहे.

पण रोज उद्याच होत गेलं. वाफुलाचे फोटो येत राहिले, भिंत पुरी झाली, कमोड आलं, कमोडावर आईने टाकलेला टॉवेल, नव्या वस्तूला धूळ लागू नये म्हणून. ते पाहून खलीलला हसू आवरेना, कारण हजरानेही हेच केलं होतं, पहिला आठवडाभर कमोड झाकून ठेवून मागच्या माळावर जात होती. आणि त्या हसण्यातच एक वाईट गोष्ट त्याच्या मनात सरळ उठून उभी राहिली. मला कुणी सांगितलं होतं? दोह्यात इतकी माणसं, टॉवरमध्ये डॉक्टरांची ऑफिसं, खोलीवर साखरवाला हाफिज, फोटो सगळ्यांनी पाहिले, वाहवा सगळ्यांनी केली, एकाने तरी म्हटलं का. माझी गेली. याची आई आहे, याचा भाऊ आहे, याची चुलती आहे करणी करायला, दोष द्यायला माणसं भरपूर आहेत. माझ्याकडे दोष द्यायला एकच माणूस होता. हा विचार त्याला आवडला नाही, पण त्याने तो हाकललाही नाही. तो विचार त्याच्या सोबत बसमधून आला, नजमापर्यंत आला, पलंगावर बसला. हाफिजने विचारलं, खलीलभाई, काय झालं. खलील म्हणाला, काही नाही, चहात साखर कमी घाल.

एकदा तो अगदी जवळ आला होता. वाफुलाची ड्यूटी संपत होती आणि तो बूट बदलत बसला होता, वाकून, मोज्यात बोटं घालून. खलील समोर उभा राहिला आणि म्हणाला, तुझी आई सुई घेते का रे अजून. वाफुला बुटाची नाडी बांधत म्हणाला, मुंग्या आल्या की घेते. खलील म्हणाला, रोज घ्यायला हवी. वाफुला वर बघून हसला. म्हणाला, म्झे, तू पण क्लिनिकवाल्यांसारखा बोलायला लागलास, तुझ्या बायकोचंच तर तू मला सांगितलं होतंस, वर्षानुवर्षं मुंग्यांवर चाललं म्हणून, आणि ती शेवटी हार्टने गेली, साखरेने नाही. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो धीर देत होता. त्याच्यासाठी हजरा पुरावा होती, मुंग्या खऱ्या असल्याचा. बाहेर वाफुलाच्या कॅम्पची बस आली, तिने हॉर्न दिला, यल्ला यल्ला करत ड्रायव्हर ओरडला, आणि वाफुला टोपी घालून पळाला. लॉबीच्या काचेबाहेर उन्हात बस वळताना खलीलला दिसली. त्याला वाटलं, हाक मारावी. काच जाड होती.

आज सकाळी वाफुलाने व्हिडिओ दाखवला. एक उंच म्हातारी, वाफुलासारखीच सावकाश, अनवाणी बाथरूममध्ये येते. आत सगळं पांढरं आहे, पांढऱ्यावर तिचे पाय फार काळे आणि फार बारीक दिसतात. बारीक, हे खलीलच्या लक्षात आलं. ती बटण दाबते, पाण्याचा आवाज होतो, ती दचकते, आणि मग तोंडावर हात घेऊन हसते, हजरा हसायची तशी अजिबात नाही, पूर्ण वेगळी. मग कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणते. मागून कुणीतरी दुसरी बाई तेच पुन्हा म्हणते आणि दोघी हसतात. वाफुलाने व्हिडिओ थांबवला. त्याचे डोळे ओले होते. खलीलने विचारलं, काय म्हणाली ती. वाफुला म्हणाला, "म्हणते, बाळा, देवाने तुझं ऐकलं. मुंग्या गेल्या."

वाफुला त्याच्याकडे बघत थांबला होता, माणूस आनंदाची गोष्ट सांगून थांबतो तसा. खलीलचे ओठ हलले. तो म्हणाला, "मबरूक."

वाफुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खलीलने फोन चार्जिंगला लावला आणि जिना उतरून तळघरात गेला. दिवसभर तो खालीच होता. एका चिलरचं प्रेशर खाली येत होतं, ते बघायचं होतं, ते त्याने बघितलं. वर आला तेव्हा टेबलावर दुसरा गार्ड होता. वाफुलाची आई अजून जिवंत आहे. मडक्यातली सुई मडक्यातच असणार. गावच्या फ्रिजमधली पेनं कुणी काढलेली नाहीत, आणि सुहानाला त्याने अजून फोन केलेला नाही. वाफुलाला सांगायचं राहिलं आहे.